निकॉन झेड ८ रेस ट्रॅकवर: ४५ मेगापिक्सेल आणि शटरचा हिशेब

२४ मेगापिक्सेलची बॉडी सोडून झेड ८ कॅमेरा घेतलेल्यांची पहिली तक्रार ठरलेली: "पूर्वीच्याच सेटिंगवर फोटो हललेले येतात." कॅमेऱ्यात बहुधा काहीच बिघाड नसतो. जो ब्लर आधी पिक्सेलच्या आड लपत होता, तो आता उघडा पडतो.

आकडे मांडून बघा. ट्रॅकपासून ४५ मीटरवर २०० मिमी लेन्स लावली की फ्रेममध्ये सुमारे ८ मीटर रुंदी मावते. फोटो ८२५६ पिक्सेल रुंद, म्हणजे गाडीवरच्या एका मिलिमीटरला जवळपास एक पिक्सेल. ताशी २०० किमीची गाडी १/१००० सेकंदात साडेपाच सेंटिमीटर सरकते. कॅमेरा स्थिर धरला तर ५५-५७ पिक्सेलचा फराटा, १/४००० ला १४ आणि १/८००० लाही ७. जुन्या ६००० पिक्सेलच्या फ्रेमवर १/१००० ला तोच फराटा चाळीसच्या आसपास येतो. फरक १.४ पट, म्हणजे अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). एकाच आकाराची प्रिंट काढली तर दोन्हींतला ब्लर सारखाच दिसतो. जास्तीचे पिक्सेल क्रॉपसाठी खर्च करायचे असतील, तरच शटर अर्ध्या स्टॉपने वाढवा.

तसंही नुसत्या शटरने गाडी गोठवण्यात मजा नाही. रेसच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर धरला तर २०० च्या वेगाला चाक सेकंदाला २७-२८ फेरे मारतं. १/१००० ला ते जेमतेम १० अंश फिरतं, स्पोक मोजता येतात आणि गाडी पार्किंगमध्ये उभी केल्यासारखी दिसते. १/२५० ला ४० अंश, १/१२५ ला ८०. पाच स्पोकच्या रिममध्ये दोन स्पोकांतलं अंतर ७२ अंश, त्यामुळे १/१२५ ला रिमची चकती होते. पॅनिंग करताना, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत टिपताना, वरच्याच अंतरावर लांबची पार्श्वभूमी १/१२५ ला सुमारे ४५० पिक्सेल ओढली जाते, १/१००० ला फक्त ५७. वेग निम्मा असेल तर शटरही निम्मं करा: नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटच्या लांब स्ट्रेटवर १/१२५ ला जो ओढा मिळतो, तोच कोईमतूरच्या करी स्पीडवेवर हळू वळणात १/६० ला मिळेल. सुरुवात १/५०० ने करून हात बसला की खाली या. वळणात गाडी स्वतःही फिरत असते, त्यामुळे नाक शार्प आणि शेपूट पुसलेली येते. तो हाताचा दोष नव्हे. ड्रायव्हरच्या हेल्मेटवर लक्ष ठेवून पॅन करा.

इथे झेड ८ चा स्टॅक्ड (थरांचा, झटपट वाचला जाणारा) सेन्सर कामाला येतो. या कॅमेऱ्याला मेकॅनिकल शटर (सरकणारा पडदा) नाहीच, पण अख्खी फ्रेम ओळीओळीने सुमारे १/२७० सेकंदात वाचली जाते. पॅनिंगमध्ये मागचे खांब दोनेक अंश कलतात, पण १/१२५ ला ते आधीच विरघळलेले असतात. स्टॅक्ड नसलेल्या ६१ मेगापिक्सेल सेन्सरला इलेक्ट्रॉनिक शटरवर तेवढ्याच कामाला १/१० सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते, म्हणून तिथे मेकॅनिकल शटरच वापरायचं. व्ह्यूफाइंडर बर्स्टमध्ये काळा होत नाही, हा पॅनिंगमधला खरा फायदा. ३.६९ दशलक्ष डॉटचा आकडा मात्र या किमतीत कंजूषपणाचा वाटतो.

२०२४ मध्ये चेन्नईत झाली तशी दिव्यांखालची रेस असेल, तर एलईडी बोर्डांवर पट्टे येतात. मेन्यूत हाय-फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन चालू करा आणि एस किंवा एम मोडमध्ये शटर बारीक पायऱ्यांनी हलवून पट्टे जाईपर्यंत जुळवा.

भर दुपारी उलटी अडचण, प्रकाश जास्त. आयएसओ ६४ वरही १/६० साठी एफ/१६ लागतो. तिथे डिफ्रॅक्शनचा (बारीक छिद्रातून प्रकाश पसरण्याचा) ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा, म्हणजे ४.३५ मायक्रॉनचे पाच पिक्सेल, आणि सेन्सरवरची धूळही दिसू लागते. ७७ मिमीचा एनडी ८ (प्रकाश आठपट कमी करणारा फिल्टर) लावा आणि एफ/५.६ वर या. ७०-२०० एफ/२.८ आणि १००-४००, दोन्हींना तोच बसतो. १८०-६०० ला मात्र ९५ मिमीचा लागतो, खर्च वेगळा. व्हीआर (कंपन कमी करणारी सोय) स्पोर्टवर ठेवा. जाळीतून टिपताना ब्लॉक्ड शॉट रिस्पॉन्स (मध्ये काही आडवं आलं तर फोकस किती उशिरा हलावा) ४ किंवा ५ करा, नाहीतर फोकस तारेवर उडी मारतो. आणि ४०० मिमीच्या पुढे दुपारी फोटो मऊ येत असतील तर शटरला दोष देऊ नका. डांबरावरचं मृगजळ कुठल्याच सेटिंगने जात नाही. सकाळी जा किंवा जवळ उभे राहा.

रॉ (प्रक्रिया न केलेल्या फाइल) मध्ये २० फ्रेम प्रति सेकंद मिळतात, पण दोन स्लॉटचा जोड विजोड आहे: एक सीएफएक्सप्रेस टाइप बी, दुसरा एसडी. दोन्हीकडे रॉ लिहायला लावलं तर बफर (फोटो कार्डवर जाईपर्यंतची तात्पुरती मेमरी) एसडीच्या चालीने रिकामा होतो आणि ऐन ओव्हरटेकला कॅमेरा अडखळतो. रॉ सीएफएक्सप्रेसवर, एसडीवर फक्त जेपेग. रॉ चा हाय एफिशियन्सी स्टार हा जास्त दाबलेला फॉरमॅट पुरेसा आहे. लॉसलेसने कार्ड लवकर भरतं आणि प्रिंटमध्ये फरक शोधावा लागतो.

निव्वळ सोशल मीडियासाठी रेस टिपणाऱ्याला ही बॉडी जड पडेल, खिशालाही आणि हार्ड डिस्कलाही. जाळीपासून लांब उभं राहावं लागणाऱ्याला क्रॉपची जागा हवी असते. त्याने घ्यावी, आणि बजेटमध्ये दुसरं सीएफएक्सप्रेस कार्ड आधीच धरावं.