'कार्बन कॉपी' की 'द टॉय'? एका संध्याकाळी एकच बघायचा असेल तर

दोन्ही हॉलिवूडचे चित्रपट, एका वर्षाच्या अंतराने आलेले: 'कार्बन कॉपी' १९८१चा, 'द टॉय' १९८२चा. दोन्हींत पैसेवाला गोरा बाप आहे, त्याच्या घरात अचानक येऊन पडलेला एक काळा माणूस आहे आणि वरून विनोदाची फोडणी. माझा कौल आधीच देऊन टाकतो: 'कार्बन कॉपी' बघा. पण हा कौल एकतर्फी नाही, 'द टॉय'मधल्या एका प्रसंगाने मला बराच वेळ अडवलं होतं.

'कार्बन कॉपी'चा नायक वॉल्टर व्हिटनी (जॉर्ज सीगल) कॅलिफोर्नियातल्या सॅन मरीनो या श्रीमंत वस्तीत राहतो. सासऱ्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दारात रोल्स-रॉइस आहे. एक दिवस ऑफिसात सतरा वर्षांचा काळा मुलगा येतो आणि सांगतो की मी तुमचा मुलगा. कॉलेजातल्या जुन्या प्रेयसीचा, लॉरेनचा. लॉरेन आता हयात नाही. हा रॉजर म्हणजे डेन्झेल वॉशिंग्टन, आणि हा त्याचा पहिला मोठा चित्रपट. वय तेव्हा सव्वीस, पण सतराचा म्हणून खपून जातो. पुढे दोन ऑस्कर मिळवणारा हा नट इथे सीगलसारख्या मुरलेल्या नटासमोर जराही बिचकत नाही.

हिशेब केला तर रॉजरचा जन्म १९६४च्या आसपासचा. तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्न हा गुन्हा होता. सुप्रीम कोर्टाने ते कायदे मोडीत काढले १९६७ मध्ये. चित्रपट हे सांगत बसत नाही, पण ठाऊक असलं की वॉल्टरचा पळपुटेपणा नुसता गमतीचा राहत नाही. शिवाय त्याने स्वतःचं ज्यू असणंही लपवलंय, मूळचं विझेंथाल बदलून व्हिटनी केलंय. 'आडनाव काय आपलं?' या प्रश्नात काय काय दडलेलं असतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे हा धागा मराठी प्रेक्षकाला चटकन पकडता येईल.

मुलगा आपला आहे हे कबूल केल्यावर वॉल्टरचं घर, नोकरी, गाडी, पत सगळं जातं. बाप गरीब वस्तीतल्या खोलीत येऊन पडतो आणि पोटासाठी घोड्यांची लीद उपसतो. मला सगळ्यात आवडला तो बास्केटबॉलचा प्रसंग. मुलगा काळा आहे म्हणजे हा खेळ त्याच्या रक्तातच असणार, असं गृहीत धरून वॉल्टर पैज लावतो. रॉजरला धड बॉलही टाकता येत नाही. हसू येतं ते बापाच्या अडाणीपणाचं, मुलाचं नाही. दिग्दर्शक मायकल शुल्ट्झ स्वतः कृष्णवर्णीय आहेत, हे इथे जाणवतं. उत्तरार्ध मात्र ढिला आहे, बायको आणि सासरा तर निव्वळ व्यंगचित्रं.

आता 'द टॉय'. बेकार पत्रकार जॅक ब्राउन (रिचर्ड प्रायर) एका धनाढ्याच्या दुकानात साफसफाईला लागतो. मालकाच्या पोराला बापाने सांगितलेलं असतं, दुकानातलं काहीही घे. पोरगा जॅककडे बोट दाखवतो. मग जॅकला खोक्यात घालून बंगल्यावर पोचवतात. मूळ चित्रपट फ्रेंच, १९७६चा, दिग्दर्शक फ्रान्सिस वेबर. त्यात पत्रकार गोराच होता, त्यामुळे ती गोष्ट मालक आणि नोकर यांची होती. हॉलिवूडने ती लुइझियानात नेली आणि खेळणं म्हणून काळा माणूस निवडला. गुलामांचे बाजार भरलेल्या त्या भूमीत माणूस विकत घेण्याचा विनोद! चित्रपटालाच कळत नाही की आपण काय हातात घेतलंय. धांदल, पडापडी आणि जॅकच्या अंगावर मोलकरणीचा झगा. इथे हसायचं ते बहुतेक जॅकलाच. समीक्षकांनी झोडपलं, तरी गल्ला चांगला जमला.

आणि तरीही तो प्रसंग. मालक बेट्स (जॅकी ग्लीसन) आपल्या मॅनेजरला सांगतो, पँट उतरव. तो उतरवायला लागतो. मग बेट्स विचारतो, राक्षस कोण, सांगणारा मी की ऐकणारा तू? ग्लीसन इथे आवाजही चढवत नाही. नोकरीच्या भीतीने माणूस कुठवर वाकतो, हे इतकं नेमकं 'कार्बन कॉपी'त कुठेही नाही. वर्ग हा विषय 'द टॉय'ला कळलाय, वर्ण नाही. 'कार्बन कॉपी'ला वर्ण कळलाय, गरिबी मात्र त्यात सहलीसारखी येते.

बापलेकांचं नातं हवं असेल तर प्रश्नच नाही. 'द टॉय'मध्ये जॅक दुसऱ्याच्या पोराला बापाचं प्रेम पुरवतो आणि शेवटी बापलेक एकत्र येतात, म्हणजे काळ्या माणसाचं काम तेवढंच. त्याला स्वतःचं दुःख फारसं मिळत नाही. रॉजरला मिळतं: आई गेल्याचं, आणि बाप इतकी वर्षं फिरकला नाही याचं.

मुलांना घेऊन बसणार असाल तर एक सांगून ठेवतो. 'द टॉय'चं पोस्टर बघून तो बालचित्रपट वाटेल. त्यातल्या पोराला सगळे 'मास्टर बेट्स' म्हणतात, ते इंग्रजीत जरा भरभर म्हणून बघा, त्यातली अश्लील कोटी कळेल. 'कार्बन कॉपी'तही काळ्यांवरचे शेलके टोमणे आहेत, पण मोठ्या मुलांशी त्यावर बोलता तरी येतं.