टपालखर्च किमतीत धरावा की वेगळा आकारावा?

वापरलेल्या वस्तू ऑनलाइन विकायला काढताना टपाल आणि पॅकिंगचा खर्च किमतीतच धरावा की वेगळा दाखवावा, याबाबत एका परिचितांचा निर्णय होत नव्हता.

खर्च किमतीत धरला, तर ग्राहकाला एकच आकडा दिसतो आणि पैसे भरताना रक्कम फुगल्याची नाराजी उरत नाही. मात्र जवळचा ग्राहक नकळत लांबच्याचा भार उचलतो आणि तीन वस्तू एकत्र घेणाऱ्याकडून टपालखर्च तीनदा वसूल होतो, जे मला रास्त वाटत नाही.

वेगळा आकारल्यास हिशेब उघड राहतो, पण मेहनत वाढते, कारण पार्सल बांधून, खोक्यासकट तोलून मगच आकडा सांगता येतो. शिवाय अनेक कुरिअर सेवा आकारमानावरूनही वजन धरतात: ४०×३०×३० सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ ५००० ने भागले, की आतली लॅम्पशेड जेमतेम किलोभर असली तरी ७.२ किलोचे भाडे पडते. खोके, बबल रॅप, चिकटपट्टी यांचा खरा खर्च घेण्यात गैर काही नाही. जुन्या खोक्याला नव्याचा भाव लावणे मात्र लबाडीच.

कानातली, पोस्टकार्डे अशा हलक्या, एकसारख्या वस्तूंसाठी खर्च किमतीत धरणे सोयीचे. अवजड, ठिसूळ किंवा एकगठ्ठा जाणाऱ्या वस्तूंसाठी तो वेगळा आणि प्रत्यक्षाइतकाच आकारावा.