पीएसएमए पेट स्कॅन: गॅलियम-६८ की फ्लोरिन-१८?

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीएसएमए पेट स्कॅन सांगितला, की एक केंद्र गॅलियम-६८ म्हणतं आणि दुसरं फ्लोरिन-१८. ही दोन्ही स्कॅनआधी टोचायची किरणोत्सारी औषधं. दोन्ही पेशींवरच्या एकाच प्रथिनाला, म्हणजे पीएसएमएला, चिकटतात आणि स्कॅनमध्ये ती जागा उजळते. फरक पडतो तो ती शरीरातून कोणत्या वाटेने बाहेर जातात यात.

गॅलियमचं पीएसएमए-११ लघवीवाटे जातं. मूत्राशय इतका उजळतो की त्याला लागून पुन्हा उगवलेली बारीक गाठ त्यात दडून जाते. म्हणून बरेच ठिकाणी २० मिलिग्रॅम फुरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) देतात आणि टेबलावर घेण्याच्या ऐन आधी लघवी करून यायला लावतात. फ्लोरिनचं पीएसएमए-१००७ मुख्यतः यकृत आणि पित्ताच्या वाटेने जातं, मूत्राशय जवळजवळ कोरा राहतो. ऑपरेशन झालंय, पीएसए (रक्ततपासणीत मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन) चढतोय आणि संशय मूळ जागेचाच आहे, तर आमचा कल पीएसएमए-१००७ कडे.

त्याची खोड मात्र हाडांत दिसते. बरगड्यांत फिकट ठिपके उमटतात, सीटीवर तिथे काहीच सापडत नाही, आणि पुष्कळदा तो कॅन्सर नसतोच. अशा एकट्या ठिपक्यावर ‘हाडात पसरला’ असा शिक्का मारून उपचार बदलण्याआधी एमआरआय करावा किंवा काही महिन्यांनी पुन्हा पाहावं.

पुढे ल्युटेशियम-१७७ (पीएसएमएला चिकटून गाठीला आतून किरण देणारं उपचाराचं औषध) द्यायचं मनात असेल, तर गॅलियम सोयीचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, याच उपचाराच्या ‘व्हिजन’ चाचणीत गाठी यकृतापेक्षा उजळ असाव्यात ही अट होती, आणि स्कॅन गॅलियमचा होता. पीएसएमए-१००७ मध्ये यकृतच लखलखतं. तोच निकष जसाच्या तसा लावला तर उपचाराला योग्य रुग्णही बाद ठरू शकतो. तिथे तुलना प्लीहेशी करणं बरं.

उपलब्धता हाही मुद्दा आहेच. गॅलियम हॉस्पिटलमधल्याच जर्मेनियम-६८ च्या जनरेटरमधून काढतात, सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी द्रव्य बनवणारं मोठं यंत्र) लागत नाही. पण अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा वेळ) फक्त ६८ मिनिटं. एका वेळी मोजकेच रुग्ण होतात आणि जनरेटर जुना झाला की त्यातून निघणारं गॅलियम घटतं. फ्लोरिनचं ११० मिनिटं. चार तासांच्या प्रवासानंतर फ्लोरिन सुमारे २२ टक्के उरतं, गॅलियम जेमतेम ९. त्यामुळे सायक्लोट्रॉन दुसऱ्या शहरात असला तरी फ्लोरिन गाडीने येऊ शकतं. गाडी अडकली तर तुमची वेळ पुढे जाते, एवढं धरून चला.

इंजेक्शननंतर गॅलियमला साधारण तासभर थांबावं लागतं, पीएसएमए-१००७ ला दीड ते दोन तास. एफडीजी स्कॅनसारखी (किरणोत्सारी साखर टोचून करायचा नेहमीचा पेट स्कॅन) रक्तातल्या साखरेची अडचण दोन्हींत नाही.

उपचारानंतर चढणारा पीएसए अजून ०.५ (नॅनोग्रॅम प्रति मिली) च्या खाली असेल तर स्कॅनची घाई नको. गॅलियमच्या एका मोठ्या अभ्यासात या टप्प्यावर ३८ टक्के रुग्णांतच काही सापडलं, १ ते २ च्या दरम्यान ८४ टक्क्यांत. रेडिएशनचा निर्णय मात्र निव्वळ कोऱ्या स्कॅनसाठी लांबवू नये.

उपचारानंतरचा स्कॅन आधीच्याच औषधाने करा. औषध बदललं तर गाठ वाढली की नुसती जास्त उजळली, हे सांगणं कठीण होतं. रिपोर्टवर औषधाचं पूर्ण नाव छापलंय ना, हे फाइल घेतानाच बघा.