एसीएस७१२ करंट सेन्सर: केळीच्या बागेतील सात महिन्यांचा अनुभव

रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेत ठिबकमधून जीवामृत सोडण्यासाठी १२ व्होल्टचा लहान डायफ्रॅम पंप आहे. टाकी रिकामी झाली तरी तो कोरडाच फिरत राही. मोटारीतून किती करंट जातो एवढे कळले, तर टाकीपाशी न जाताही पंपाची अवस्था ओळखता येईल, या विचाराने नोव्हेंबरमध्ये मी एसीएस७१२चे २० अँपिअरचे मॉड्यूल बसवले.

त्याआधी ०.१ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठी तारेच्या मध्ये जोडलेला लहान रोध, वापरला होता. ४ अँपिअरला त्यावर ०.४ व्होल्ट खर्ची पडत आणि १.६ वॉट उष्णता होई. हा सेन्सर करंटमुळे निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरून मोजमाप करतो आणि त्याच्या आतील वाहकाचा रोध जेमतेम १.२ मिलिओहम असतो, त्यामुळे मोटारीला व्होल्टेज पुरेपूर मिळते.

पहिल्या महिन्यात मात्र त्याने पुष्कळ दमवले. करंट नसताना सेन्सरचे आउटपुट त्याच्या स्वतःच्या ५ व्होल्ट पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे २.५ व्होल्ट असते आणि पुढे प्रत्येक अँपिअरला १०० मिलिव्होल्टने बदलते. हे आउटपुट वाचणाऱ्या आर्डुइनो उनो या लहान कंट्रोलर बोर्डाची एक पायरी, म्हणजे त्याला ओळखता येणारा सर्वांत लहान फरक, सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.०५ अँपिअरची. मोटार बंद असतानाही रीडिंग पाच-सहा पायऱ्या हलत असे. मोटार सुरू करण्यापूर्वी दर वेळी शून्य नोंदवून घेणे आणि शंभर रीडिंगची सरासरी काढणे, या दोन उपायांनी ते स्थिरावले. मॉड्यूल मोटारीला चिकटून ठेवू नये, कारण मोटारीतील चुंबकाचाही त्यावर परिणाम होतो. मी ते हातभर दूर नेले.

आता पंप नीट चालताना ४ अँपिअरच्या आसपास रीडिंग येते. टाकी रिकामी झाली की ते २च्या खाली उतरते, आणि शेणाच्या काड्यांनी पुढची जाळी तुंबली की ६कडे चढते. सुरू होतानाचा झटका याहून कितीतरी मोठा असल्याने पहिला एक सेकंद प्रोग्राममध्ये वगळावाच लागतो.

खरी तक्रार स्क्रूच्या टर्मिनलबद्दल आहे. मार्चमध्ये पंपाच्या थरथरीने एक स्क्रू सैल झाला, टर्मिनलचे हिरवे प्लास्टिक तपकिरी पडले आणि तार हाताला चटका देऊ लागली. टर्मिनल काढून मी जाड तार थेट मॉड्यूलच्या पट्टीवर डाग देऊन (सोल्डर करून) जोडली. त्यानंतर मे महिन्याच्या उन्हातही ती गरम झालेली नाही.

अर्ध्या अँपिअरच्या मोटारीसाठी मी हे मॉड्यूल सुचवणार नाही. तिथे अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देणारा ५ अँपिअरचा प्रकार घ्यावा.