नाल ठोकावी की घोडा अनवाणी ठेवावा?

सारंगखेड्याच्या बाजारातून पहिला घोडा दारात आला की महिनाभरात हा प्रश्न पडतोच. विकणारा सांगतो, नालेशिवाय घोडा चालायचाच नाही. यूट्यूबवाला सांगतो, नाल म्हणजे छळ. घोडा रोज कुठल्या जमिनीवर आणि किती चालणार, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. सगळं ठरतं ते तिथेच.

खूर आपल्या नखासारखं वाढतं, महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर. माळावर, शेताच्या बांधावर तासभर फिरणाऱ्या घोड्याची वाढ आणि झीज बरीचशी जुळते. अशा घोड्याला मी नाल ठोकणार नाही. टांग्याचा, वरातीचा किंवा रोज डांबरावर चालणारा घोडा वेगळा. त्याचं खूर वाढण्याआधीच झिजतं, तळवा हुळहुळा होतो आणि खडी आली की तो पाय चोरून टाकू लागतो. त्याला अनवाणी ठेवणं हाच छळ.

पण नालेचीही किंमत असते, आणि ती पैशांपुरती नसते. तळव्याच्या कडेला फिकट पांढरी रेघ दिसते. खिळा तिच्या बाहेरच राहायला हवा. आत शिरला तर घोडा लगेच किंवा चार दिवसांनी लंगडतो, आत पू धरतो. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, म्हणून लस आधीच टोचून घ्या. जवळपास हात बसलेला नालबंद नसेल, तर माझं मत सरळ अनवाणीकडे झुकतं. शिवाय गुळगुळीत फरशीवर लोखंड घसरतं. माथेरानच्या अश्वपालांनी पेव्हर ब्लॉकला विरोध केला, त्यात हे एक कारण होतं.

'नाल झिजली नाही, मग बदलू कशाला?' हे वाक्य मी फार ऐकलंय. अहो, नाल झिजत नसली तरी तिच्या वर खूर वाढतंच! पुढचं टोक लांबतं आणि पायामागच्या शिरांवर ताण येतो. पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर कापून, कानस मारून परत बसवायलाच हवी. अनवाणी घोड्यालाही सहा ते आठ आठवड्यांनी कानस लागते. फुकटात तोही सुटत नाही.

पावसाळ्यात दोन्हीकडे पंचाईत. भिजून मऊ झालेल्या खुरात खिळे सैल पडतात, नाल निघताना खुराचा टवका घेऊन जाते. अनवाणी तळव्याला खडी जास्त टोचते. ठाण कोरडं ठेवा आणि रोज खुरातली घाण काढायच्या लोखंडी आकडीने खूर साफ करा. मधल्या त्रिकोणी मऊ भागातून काळपट, घाण वासाचं काही निघालं, तर ती कुज समजा.

एक मधला मार्ग आहे. घोड्याचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून फक्त पुढे नाल, मागे अनवाणी. मध्यम कामाच्या घोड्याला हे बऱ्याचदा पुरतं.

पुढचे पाय लांब टाकून घोडा मागे रेलून उभा असेल आणि खुरं गरम लागत असतील, तर नालेचा विचार बाजूला ठेवा. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, बंद करा आणि त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.

नाल काढायचं ठरलंच, तर पहिल्या आठवड्यात डांबरावर नेऊ नका. पुढचं खूर वरून खालपर्यंत नवं यायला जवळजवळ वर्ष लागतं, तोवर खिळ्यांची जुनी भोकं खाली सरकत राहतात आणि तिथेच टवके उडतात.