पुरावा तोच, निष्कर्ष दोन: नागपूर खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालय

पेरू देण्याच्या मिषाने 12 वर्षांच्या मुलीला घरात नेऊन केलेल्या अत्याचाराच्या नागपुरातील खटल्यात मुलीची व तिच्या आईची साक्ष दोन्ही न्यायालयांनी विश्वासार्ह मानली. मतभेद झाला तो त्या साक्षीतून पोक्सोच्या (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 7 मधला लैंगिक हल्ल्याचा गुन्हा सिद्ध होतो का, यावर.

जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कपडे दूर केल्याचा नेमका तपशील पुराव्यात नाही आणि त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क नाही, म्हणून पोक्सोखालील 3 वर्षांची शिक्षा रद्द करून भारतीय दंड संहितेच्या कलम 354 (विनयभंग) खाली 1 वर्षाची शिक्षा दिली. शिक्षा कडक असल्याने पुरावाही काटेकोर हवा, हा त्यामागचा विचार तत्त्वतः चुकीचा नाही. पण त्या काटेकोरपणाचा रोख साक्षीच्या खरेपणाऐवजी कापडाच्या जाडीकडे वळला.

18 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक हेतू हाच गुन्ह्याचा गाभा असल्याचे सांगून पोक्सोखालील शिक्षा पुन्हा लागू केली. पोक्सोच्या कलम 30 नुसार असा हेतू न्यायालय गृहीत धरते आणि तो नव्हता, हे आरोपीला निःसंशय सिद्ध करावे लागते.