विटा की कोलकाता?

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पांगलेत. सोनं गाळायला मी कोलकात्यात आलो, त्याला २२ वर्षं झाली. परतायचं का, हा विषय दर दिवाळीला निघतोच.

विट्यात घर आहे, रान आहे, आई आहे. पाऊस मात्र बेभरवशाचा. इथं पाऊस उदंड, पण डिसेंबरात पाचलाच अंधारतं. पहिल्या वर्षी त्यानंच मला रडवलं. आता भट्टी विझवून त्याच अंधारात मातीच्या भांड्यातला चहा पितो, आणि गावी गेलो की तोच आठवतो. मुलीला भाकरी आवडते, पण भांडते बंगालीत!

आझाद हिंद एक्सप्रेसनं हावडा ते पुणे जवळपास दीड दिवस. तेवढ्यात माझं मत दोनदा फिरतं. तूर्त धंदा इथंच. गावच्या घरावर पत्रे मात्र नवे घातलेत.